पाटावरची वाळू

१

त्या सोमवारी चिंचटेकचा भोंगा बोलला नाही, म्हणून हेमलताकाकू गेली. एवढ्या एका गोष्टीवर अख्ख्या गावाचं एकमत होतं. भोंगा का बोलला नाही, याचं उत्तरही गावानं दोन-तीन दिवसांत ठरवून टाकलं. ते उत्तर चुकीचं होतं.

आधी आमच्या नदीबद्दल सांगते. बोरखडीला येणारं पाणी आमच्या पावसाचं नसतंच. ती सातपुड्यातून उतरते आणि वर्षातले बरेच महिने नुसती वाळू अंगावर घेऊन पडलेली असते. वर डोंगरात ढग फुटला की इथं कडक ऊन असतं, बाया दोरीवर कपडे वाळत घालत असतात आणि मातीच्या रंगाची भिंत वळणावरून येते. कोकणातल्या लोकांना निदान काळं आभाळ दिसतं. आम्हांला आभाळ बघून काहीच कळत नाही.

म्हणून ‘नदीचा फोन’. साधा बटणांचा मोबाइल, मारुती मंदिराच्या ओट्यावरच्या खोलीत माइकच्या मशीनशेजारी कायम चार्जिंगला लावलेला. वरच्या आंबापाड्यात सुकलालभाऊ पावरा राहतात. नदी फुगली की ते या फोनवर कळवतात आणि जवळ जो कोणी असेल तो फोन उचलून भोंग्यावर ओरडतो. मग गुरं, पोरं, धुणं, सगळं वर. ना कोणाला पगार, ना कोणाला पद. चार पावसाळे हे असंच चाललं.

तो सोमवार कानबाईचा, श्रावणात आमच्याकडं घरोघरी बसणाऱ्या देवीचा. रविवारी कानबाई बसली, रात्रभर गाणी झाली आणि सकाळी एकेका घरची कानबाई पाटावर ठेवून, डोक्यावर घेऊन बाया नदीवर निघाल्या. विसर्जन झालं की त्याच पाटावर नदीची वाळू भरून घरी आणायची आणि कानबाईच्या जागी ठेवून पुजायची, ही आमच्याकडची रीत. आमच्या घरची कानबाई नेहमी शेवटी, कारण काकूला वरचा डोहच लागायचा. बाकीच्या बाया परत चढून गेल्या होत्या. डोहाशी काकू आणि मी, दोघीच. तिचे दोन्ही हात डोक्यावरच्या पाटाला, पाय गुडघाभर पाण्यात.

ती म्हणाली, “कामे, तुझा काका कुठं राहिला बघ गं वर जाऊन. पूरमास्तर गाण्यात रमला असंल.”

मी चिंचेपर्यंत चढले. भोंग्यावर कानबाईचं गाणं चालू होतं, ते संपलं. मग एकदम शांत झालं. काय छान शांत वाटतंय, असं माझ्या मनात आलेलं मला अजून आठवतं. मग वरून आवाज आला. मी वळून पाहिलं, तर डोह जागेवर नव्हता.

काकू दुसऱ्या दिवशी खालच्या बाभळीत सापडली. मला रडू आलं नाही. एरवी शाळेत मला ‘रेडिओ’ म्हणतात, इतकी मी बोलते, हसते, भांडते. पण त्या दिवसापासून मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात ना, तशी मी सगळीच झाले होते. चिमटा काढला तरी दुसऱ्याच कोणाला तरी काढल्यासारखा.

पूर आला त्या सोमवारी संध्याकाळी, काकूचा शोध चालू असताना, ललितकाका घरी आला. गुडघा फाटलेला, कपडे ओले, दोन्ही हातांत पाट आणि पाटावर वाळू. तो म्हणाला, मी मळ्याच्या वाटेनं खाली गेलो म्हणून कामिनीला दिसलो नाही. हेमीनं विसर्जन केलं, वाळू भरली, पाट माझ्या हातात दिला आणि पाय धुवायला वळली. तेवढ्यात पाणी आलं.

आईनं तो पाट कानबाईच्या रिकाम्या जागी ठेवला आणि वर लाल कापड टाकलं. नंतर सुतक लागलं, त्यामुळं त्याला कोणी हात लावला नाही. बसायला येणाऱ्या बाया त्या कापडाकडं बघून पदर तोंडाला लावायच्या. हेमीच्या हातची शेवटची वाळू, म्हणायच्या.

आणि ओट्यावर बसलेली माणसं एकच नाव घेत होती. आंबापाड्याचा सुकलाल. त्यानं फोनच केला नाही.

सुकलालची मुलगी तेव्हा आमच्या घरात, माझ्याच शेजारी अंथरूण टाकत होती.

२

रुपली माझ्या वर्गात आहे. दहावी ब. आंबापाड्यातली शाळा सातवीला संपते. ललितकाका आणि सुकलालभाऊ तरणे होते तेव्हापासूनचे दोस्त, म्हणून काकूनं रुपलीला आमच्याकडं ठेवून घेतलं. रुपली कमी बोलते. मी तिच्या वाटचंही बोलते, त्यामुळं आमचं जमतं. मंदिराच्या सभामंडपाचं काम काढलंय, त्यासाठी तापीची वाळू आणून टाकलीय. त्या ढिगातले बारके शिंपले वेचून रुपली कंपासपेटीत ठेवते. भूमितीच्या तासाला तिच्या पेटीत कर्कटक नसतो, शिंपले असतात.

सुकलालभाऊंचं म्हणणं साधं होतं. मी फोन लावला, कोणीतरी उचलला, पाणी सुटलंय असं मी सांगितलं. कोणी उचलला, तर “नही वळखा.” ओळखलं नाही. बस, इथंच सगळं अडलं. नदीचा फोन तर त्या दिवसापासून गायबच होता. त्यातलं सिम कोणे एके काळच्या, आता वारलेल्या सरपंचाच्या नावावर, त्यामुळं कंपनीकडून कॉलची यादीही निघेना. सुकलालभाऊंच्या जुन्या फोनवर नंबर लावलेला दिसत होता, उचलला की नाही ते दिसत नव्हतं. गावानं ठरवलं, याचा मिसकॉल असणार. पैसे वाचवायला गेला आणि बाई घालवली.

तेराव्याच्या दिवशी मंदिरासमोरच्या पारावर बैठक बसणार होती. आंबापाड्याशी हा फोनचा संबंध तोडायचा आणि त्यांची पोरगी त्यांनी घेऊन जायची. एक बाई तर आमच्याच दारात म्हणाली, ज्या घराचं मीठ खाल्लं त्या घराचा दिवा घालवला. रुपली आत भांडी घासत होती. तिनं नळ मोठा केला.

दहावीच्या वर्षी मध्येच घरी गेलेली मुलगी परत शाळेत येत नाही. हे आम्हां दोघींना कोणी सांगायची गरज नव्हती. आमच्याच वर्गातल्या दोन बाकड्यांवर आता कोणी बसत नाही.

हातपंपावर कपडे धुताना ती पहिल्यांदा या विषयावर बोलली.

“बा खोटं बोलत नाही,” ती म्हणाली. “पण सगळं बी सांगत नाहीये.”

“म्हणजे?”

“म्हणजे मला काय माहीत? तू एवढी अमळनेरला जाऊन माइकवर बोलून आलीस. लोकांना विचार की.”

ते खरं होतं. श्रावणाच्या आधी मी अमळनेरला वक्तृत्वाला गेले होते, दुसरी आले. त्याआधी मी फक्त बरोबरीच्यांत बडबडायचे, मोठी माणसं दिसली की जीभ टाळूला. काकूनंच नाव दिलं माझं, न विचारता. तोंड उघड म्हणाली, दात मोजणार नाहीये कोणी. तिथून आल्यापासून मी कोणालाही काहीही विचारते.

मी ओला फ्रॉक पिळला आणि ठरवलं, की बैठकीच्या आधी फोन कोणी उचलला ते शोधायचं.

३

पहिला प्रेमराज. मांडव, माइक, मशीन सगळं त्याचं. त्या दिवशी मशीनपाशी थांबायचं कामही त्याचंच होतं.

तो गॅरेजसमोर वायरी गुंडाळत बसला होता. मी विचारल्यावर आधी म्हणाला, आल्या वकिलीणबाई. मग माझ्याकडं नीट बघितलं आणि वायर खाली ठेवली. तो डफाच्या मागं नाचत नदीपर्यंत गेला होता, सगळ्या गावानं बघितलं होतं. फोन चार्जरला होता, मशीन चालू होतं, ओट्यावर कोणी नव्हतं. एवढं तो खाली मान घालून बोलला. गावानं त्यालाही सोडलं नव्हतं.

“मग गाणी कोण बदलत होतं?”

“बदलायची कशाला? पेनड्राइव्ह लावलेला. एक संपलं की दुसरं आपोआप लागतं. दिवसभर चाललं असतं.”

मी तिथंच उभी राहिले. चिंचेखालची ती शांतता माझ्या कानात परत आली. गाणं मध्येच तुटलं नव्हतं. पूर्ण झालं होतं, शेवटची ओळ दोनदा म्हणून. आणि पुढचं लागलंच नाही.

“लाइट गेली असंल,” प्रेमराज म्हणाला.

लाइट गेली का, हे सांगणारा गावात एकच माणूस होता. ईश्वरनाना मारुतीची पूजा करतात आणि दुपारपर्यंतचा वेळ गाभाऱ्यासमोर फरशीवर झोपून काढतात. ऐकू कमी येतं, त्यामुळं गाणी असोत नाहीतर गाढवं, त्यांची झोप मोडत नाही. सुतकात मला पायरी चढता येत नव्हती, म्हणून मी खालून हाक मारत राहिले. शेवटी रुपली वर जाऊन त्यांना हलवून आली.

नाना पायरीवर बसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायला वाकले, मग सुतक आठवून हात मागं घेतला. मी मोठ्यानं विचारलं, नाना, त्या दिवशी लाइट गेली होती का?

नाही म्हणाले. वरचा पंखा सुरूच होता. पंखा थांबला की त्यांना लगेच जाग येते, माश्या बसतात. त्यांना जाग आली ती फरशी थरथरली तेव्हा, म्हणजे पाणी आलं तेव्हा. उठून ओट्यावर आले तर सगळीकडं पळापळ.

“आणि खोलीत कोणी होतं?”

“कोनी नही. तो माइक तेवढा लोंबकळत होता वायरला.” त्यांनी बोट हलवून दाखवलं, घड्याळाच्या लोलकासारखं. “असा.”

माइक कायम त्याच्या दांड्यात अडकवलेला असतो. तो आपोआप निघत नाही.

मी आणि रुपली मंदिरापासून लांब आलो. लाइट होती, तरी गाणी बंद झाली होती आणि माइक कोणीतरी हातात घेतला होता. म्हणजे फोन आला होता आणि उचललाही होता. सुकलालभाऊ खोटं बोलत नव्हते.

तो माणूस भोंग्याच्या तोंडाशी उभा होता. माइक हातात होता. आणि तो एक शब्दही बोलला नाही.

४

सुकलालभाऊ तेराव्याच्या आदल्या दिवशी आले. रुपलीची पेटी न्यायला पिशव्या घेऊन आले होते. आईनं आत बोलावलं तरी फाटकाबाहेरच्या दगडावर बसून राहिले. मी चहा घेऊन गेले. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला, प्यायले नाहीत.

मी त्यांना पंख्याचं सांगितलं, माइकचं सांगितलं. फोन कोणीतरी उचलला होता, हे मला पटलंय असं म्हटलं. माझा अंदाज होता, त्यांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा उतरला.

मागच्या वर्षी एकदा मंदिराजवळ खेळताना मीच नदीचा फोन उचलला होता. मी नुसतं ‘हॅलो’ म्हटलं आणि पलीकडून सुकलालभाऊ म्हणाले, कामिनी, तुना खोकला गया का? खोकला त्याच्या आधीच्या महिन्यातला. एका ‘हॅलो’वर त्यांनी मला ओळखलं होतं. सगळ्या गावाचे आवाज त्यांना असेच पाठ. फोनवर चेहरे दिसत नाहीत म्हणून आवाजावरच तर ते आम्हांला ओळखतात.

“भाऊ, तुम्ही आवाज ओळखलात,” मी म्हणाले.

ते कपातल्या चहाकडं बघत राहिले.

“तुम्ही नाव सांगितलं तर रुपलीला जावं लागणार नाही.”

त्यांनी कप दगडावर ठेवला. “रुपलीले मी दुसरी शाळात टाकसू,” एवढंच म्हणाले. दुसरी शाळा म्हणजे कुठली, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मग त्यांनी आमच्या घराच्या दाराकडं बघितलं आणि लगेच नजर वळवली.

स्वतःच्या मुलीची शाळा गेली तरी चालेल, पण हे नाव नको. असं माणूस कोणासाठी करतं? ज्याच्या घरी आपली मुलगी जेवते त्याच्यासाठी. ज्याच्यासोबत तरणेपण गेलं त्याच्यासाठी. मला पुढचं नाव सुचत होतं, पण मी ते मनात म्हटलं नाही. काका तर नदीवर होता. काकूनं त्याच्या हातात पाट दिला होता. पाट घरात होता, वाळूसकट. याच्यापुढं कोणाचं काय चालणार?

मी तो विचार घट्ट धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या हातातून सुटला.

५

तेराव्याच्या सकाळी आईनं आम्हांला शेण आणायला पाठवलं, अंगण सारवायचं होतं. आम्ही नदीच्या काठानं गेलो. पुरानंतर मी पहिल्यांदाच तिकडं गेले. नदी परत निजली होती. काठावरच्या झुडपांना माझ्या डोक्याच्या वर गवत, चिंध्या, प्लास्टिक अडकलेलं होतं, म्हणजे पाणी तिथवर होतं. मी ते बघितलं आणि मला काहीच वाटलं नाही. गणितातला आकडा बघावा तसं.

खालच्या फरशीपुलाच्या मोरीत काट्याकुट्यांचा गच्च बूच बसलं होतं. रुपली त्यात वाकून बघत होती.

“कामिनी, इकडं ये.”

पितळेची फुलं ठोकलेला शिसवी पाट. एका कोपऱ्यातलं फूल अर्धं तुटलेलं. ते मीच लहानपणी उचकटलं होतं. कडेच्या नक्षीत चिखलाखाली अजून पिवळं होतं. मी नखानं खरवडलं. हळद.

हा आमच्या कानबाईचा पाट होता. काकूच्या डोक्यावरचा.

“तुमचा पाट तर घरी आहे,” रुपली म्हणाली.

मला उत्तर माहीत होतं. काकूच्या लग्नात अमळनेरहून पाट आले ते दोन. जोडीच असते, एक नवरीचा, एक नवऱ्याचा. एक कानबाईला काढायचो, दुसरा माळ्यावर गोधडीत गुंडाळलेला. आम्ही शेण तिथंच टाकून धावत घरी आलो. मी शिडी लावून माळ्यावर चढले. गोधडी होती. आत पाट नव्हता.

खाली आई आंघोळ करून कानबाईच्या कोपऱ्यासमोर बसली होती. सुतक फिटलं होतं, आता ती त्या वाळूची पूजा करणार होती. हळदीकुंकवाची वाटी, दोन फुलं, निरांजन. तिनं माझ्यासमोर लाल कापड उचललं.

बोरखडीची वाळू काळी असते, भरड, मध्ये लालसर खडे. हातात घेतली तर टोचते. पाटावरची वाळू पिवळसर होती, पिठासारखी बारीक.

आईचं लक्ष निरांजनात होतं. ती एकटीच बोलत होती, हेमे, तुझ्या हातची आहे गं, तुझ्याच हातची.

रुपली वाकली. सवयीनं, बाकी काही नाही. दोन बोटांनी तिनं वाळूतून काहीतरी उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. तांदळाच्या दाण्याएवढा शिंपला.

६

काका मागच्या गोठ्यात होता. डोक्याचं मुंडण केलेलं, त्यामुळं कान मोठे दिसत होते. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा होता. मी नदीतला पाट त्याच्या पायाशी ठेवला आणि त्यावर तो शिंपला.

त्यानं पाटाकडं पाहिलं. मग खाली बसला आणि तुटक्या फुलावरून अंगठा फिरवला.

“कुठं सापडला?”

“फरशीच्या मोरीत.”

“तिनं सोडला नसंल,” तो म्हणाला. “शेवटपर्यंत धरला असंल दोन्ही हातांनी. कानबाई खाली ठेवत नाहीत ना वाटेत.”

मी थांबले. बोलायची घाई मला नेहमी असते, तेव्हा नव्हती.

मग त्यानं सांगितलं. विसर्जनाच्या वेळी काकूला एक ठरावीक गाणं लागायचं. ते लावायलाच तो मंदिरात मागं राहिला. गाणं लावलं आणि फोन वाजला. सुकलाल पलीकडून ओरडत होता, पानी सुटनं, मोठं शे. काकानं बाहेर बघितलं. ऊन होतं. आणि त्याला आषाढातला तो दिवस आठवला. तेव्हाही सुकलालचाच फोन आला होता. काकानं जीव तोडून भोंग्यावर ओरडून गाव गोळा केलं. लोक खाटा, कोंबड्या, म्हातारी माणसं घेऊन टेकडीवर चढले, संध्याकाळपर्यंत बसले, आणि पाणी वरच्या वर जिरलं. त्या दिवसापासून तो पूरमास्तर. पानाच्या टपरीवर, लग्नात, दुधाच्या गाडीवर. सगळ्यांत आधी काकू हसली होती. नावही तिनंच ठेवलं होतं.

“म्हणून नाही बोललास?”

“बोलणार होतो.” त्याचा आवाज अगदी सपाट होता. “पण तिचं गाणं चालू होतं. कानबाईचं गाणं मध्येच तोडत नाहीत, आजपर्यंत कोणी तोडलं नाही. दोन कडवी राहिली होती फक्त. मी सुकलालला म्हटलं, थांब, गानं सरू दे, मंग सांगस.”

गाणं सरलं. त्यानं पुढची गाणी बंद केली, माइक काढला, तोंडाजवळ नेला. आणि त्याच क्षणी नदीचा आवाज आला. फोन हातात घेऊन तो पळाला. तो खरंच पाण्यात शिरला होता, गुडघा खरंच तिथंच फुटला, फोन तिथंच गेला. फक्त तो उशिरा पोहोचला होता. मी चिंचेखाली जेवढा वेळ उभी होते, तेवढाच उशिरा.

“आणि वाळू?”

“वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, कानबाईची वाळू कुठं आहे, जागा रिकामी राहिली म्हणून. मी माळ्यावरचा पाट काढला. नदीकडं जायला पाय उचलेना. मंदिराजवळ ढीग होता.” तो जरा थांबला. “तिच्या हातची म्हणून तोंडातून निघून गेलं. मग लोक नमस्कार करायला लागले.”

म्हशीनं शेपटी हलवली. आत आई घंटी वाजवत होती.

फोन उचलणाऱ्याला ऐकवायची किती तरी वाक्यं मी आदल्या दिवसापासून तयार केली होती. स्पर्धेत टाळ्या मिळाल्या असत्या अशी. त्यातलं एकही आठवेना.

“रुपलीची दहावी आहे, काका,” मी म्हणाले.

तो उठला. अंगातल्या सदऱ्याची वरची गुंडी लावली, बाहेरगावी जाताना लावतो तशी, आणि मागच्या दारानं निघून गेला.

७

बैठक पारावर बसायला सुरुवात झाली होती. सुकलालभाऊ कडेला, पिशव्या पायाजवळ. रुपली त्यांच्या मागं, पेटीवर बसलेली. मी पळत पोहोचले तेव्हा प्रेमराज कोणाला तरी विचारत होता, खोलीचं कुलूप कोणी काढलं?

भोंगा खरखरला.

सगळ्यांनी एकदम नदीकडं बघितलं. त्या दिवसापासून भोंगा लागला नव्हता.

“ऐका,” काकाचा आवाज आला. तो ओरडत नव्हता, पण भोंग्यामुळं शेवटच्या घरापर्यंत जात होता. “मी ललित. सोमवारी सुकलालचा फोन आला होता. मी उचलला. त्यानं सगळं नीट सांगितलं. मी बोललो नाही. गाणं संपायची वाट बघत बसलो. हेमी माझ्यामुळं गेली. पाटावरची वाळूही नदीची नाही. सुकलालचं नाव घेऊ नका. पोरीला शाळेतून काढू नका. एवढंच.”

खरखर थांबली. ईश्वरनानांनी, त्यांना ऐकू आलं नव्हतं म्हणून, शेजाऱ्याला विचारलं आणि शेजाऱ्यानं त्यांच्या कानात हळू आवाजात सगळं परत सांगितलं.

मग कोणीतरी सुकलालभाऊंना म्हणालं, तुम्हांला आवाज कळला होता, तर बोलला का नाहीत?

त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. “त्यानी बाई गयी,” ते म्हणाले. “आखो काय लेवानं त्यानापाईन?”

त्याचं अजून काय काढून घ्यायचं. रुपलीनं बापाकडं असं बघितलं, की मी नजर फिरवली. त्या दोघांचं भांडण पुढं किती तरी दिवस चाललं, पण ते तिनं चिंचटेकमध्ये राहूनच केलं, दर रविवारी ते भेटायला आले की.

आई घरून आली तेव्हा तिच्या हातात पाट होता. भोंगा तिनं घरातूनच ऐकला असणार. कोणाकडं न बघता ती सभामंडपाजवळ गेली आणि पाटावरची वाळू, हळदीकुंकू आणि फुलांसकट, परत त्या ढिगावर ओतली. मग पाट काखेत मारून नदीकडं उतरली. ती परत आली तेव्हा पाटावर वाळू काळी होती. काका मंदिराच्या पायरीवर बसलेला होता. आई त्याच्यासमोर क्षणभर थांबली, म्हणाली, भाऊ, घरी चला, आणि पुढं निघाली.

आता नदीचा फोन नवीन आहे. सिम आईच्या नावावर. शाळा सुटली की रुपली आणि मी ओट्यावरच अभ्यासाला बसतो.

गणपतीत एकदा आरती चालू असताना तो वाजला. ऊन होतं. सुकलालभाऊ म्हणाले, कामिनी, पानी सुटनं. मी प्रेमराजच्या हातातून माइक घेतला आणि आरती मध्येच तोडली, अर्ध्या शब्दावर. लोक निरांजनासकट, पोरांसकट, शेळ्यांसकट टेकडीवर चढले. काकानं ईश्वरनानांना पाठीवर घेतलं. आम्ही संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. प्रसादाचे मोदक तिथंच वाटले.

पाणी आलंच नाही. वरच्या वर जिरलं.

अंधार पडायच्या आधी सगळे उतरून घरी गेले. कोणी हसलं नाही. आमच्याकडं सगळ्यांत आधी काकू हसायची.